हरीण सरकारचं, गवत मालकाचं

हरणाला भगवा रंग कळत नाही. तांबड्या छटा ओळखण्याची सोय निसर्गाने त्याच्या डोळ्यांत केलेलीच नाही. त्यामुळे भडक भगवं जाकीट आणि भगवी टोपी घालून झाडाला टेकलेला धिप्पाड अमेरिकन गृहस्थ त्याला आसपासच्या पाचोळ्यातलाच एक ढीग वाटतो. तरीही विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांच्या हंगामात बंदूक घेऊन रानात शिरणाऱ्याने डोळ्यांत भरेल असं भगवं घातलंच पाहिजे, असा नियम आहे. तो हरणासाठी नाही, हे उघडच आहे. तो पलीकडच्या झाडामागे बसलेल्या दुसऱ्या शिकाऱ्यासाठी आहे. निघायचं हरणाच्या मागावर, आणि कपडे निवडायचे ते माणसाच्या भीतीने! २०१६ मध्ये या राज्याने भगव्याच्या जोडीला भडक गुलाबी रंगही मंजूर केला. बायकांनी शिकारीकडे वळावं, हा त्यामागचा उदात्त विचार. आधीपासून शिकारीला जाणाऱ्या कित्येक बायकांनी त्यावर नाक मुरडलं. आपण रानात जातो ते रंगसंगतीसाठी, असं सरकारला वाटतं, हे त्यांना झोंबलं असावं.

वसंतात रानटी टर्कीचा हंगाम येतो, तेव्हा उपदेश नेमका उलटा असतो. तांबडं, पांढरं, निळं काही अंगावर घालू नका. टर्कीच्या नराचं डोकं ऐन हंगामात याच तीन रंगांचं असतं, आणि झुडपात असं काही हललेलं दिसलं की कोणाचं तरी बोट शिवशिवतं. आता हेच तीन रंग अमेरिकेच्या झेंड्याचे. म्हणजे देशभक्ती वर्षभर छातीवर मिरवा, टर्कीच्या रानात जाताना मात्र ती घरी खुंटीला टांगून ठेवा.

मी कोलोरॅडोत राहतो आणि बंदूक चालवत नाही, तेव्हा या सगळ्याकडे काठावरून बघतो. आपल्याकडची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली. नंतर ती उरली ती जुन्या वाड्यांच्या भिंतींवर आणि मामालोकांच्या गप्पांत. गप्पांतल्या वाघाला कायदा लागू नसल्यामुळे तो अजूनही दरवर्षी हातभर वाढतो. इथे मात्र शिकार हा पगारी रजा टाकून करायचा उद्योग आहे. सप्टेंबर लागला की ऑफिसात अर्धी माणसं अंगाने हजर आणि मनाने डोंगरात असतात.

माझ्या शेजारचे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले आहेत. गॅरेजमध्ये त्यांचा एक मोठा फ्रीजर आहे आणि त्याच्या तब्येतीवर त्यांच्या मनाची अवस्था ठरते. त्यांचं लक्ष्य एल्क. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा तीनशे किलोचा चुलतभाऊ. दर वर्षी डोंगरातून परतले की गाडीतून उतरता उतरता ते मला एकच वाक्य ऐकवतात, "आता पूर्वीची मजा राहिली नाही."

पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. नाटक, हापूस, दिवाळी अंक, पुण्याची हवा आणि मुंबईचा पाऊस यांच्याबद्दल आपलं हे म्हणून झालेलंच आहे. मी सहानुभूतीने विचारलं, "जनावरं कमी झाली का हो?" तर ते म्हणाले, "जनावरं आहेत की! माणसं फार झाली."

जनावरांचं त्यांचं म्हणणं खरं आहे. जगात सर्वांत जास्त एल्क कोलोरॅडोतच आहेत. पांढऱ्या शेपटीची हरणं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत काही लाखांवर आली होती, ती आज तीन कोटींच्या आसपास आहेत. लोकांच्या परसातले गुलाब खातात आणि मोटारींवर धडकतात. गंमत पुढेच आहे. माणसं फार झाली म्हणावं, तर शिकाऱ्यांची संख्या १९८२ च्या सुमाराला पावणेदोन कोटींच्या घरात होती, ती २०१६ च्या सरकारी पाहणीत एक कोटी पंधरा लाखांवर आलेली दिसली. पुढे ती थोडी चढली, पण देशाची लोकसंख्या तेवढ्यात दहा कोटींनी वाढली आहे. एकूण काय, शिकारी कमी, जनावरं जास्त आणि गर्दी वाढलेली! हे गणित माझ्या डोक्यात बरेच दिवस सुटत नव्हतं.

त्यात सरकारचं रडगाणं दुसऱ्याच सुरात. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटायला सुरुवात केली. वाटणी करताना राज्यात परवानाधारक शिकारी किती, हेही बघतात. त्यामुळे राज्यांच्या वन्यजीव खात्यांना शिकारी कमी झाले की धडकी भरते. नवे शिकारी आणा, जुने टिकवा, सोडून गेलेल्यांना हाताला धरून परत आणा, अशी त्यांची रीतसर मोहीम चालते. शिबिरं, पत्रकं, हसऱ्या कुटुंबांचे फोटो. खातं म्हणतं, या या, या हो. आधीपासून आत असलेला शिकारी म्हणतो, अरे कोणाला बोलावताय! माझ्या शेजाऱ्यांनी असं एक पत्रक घडी न मोडता कचऱ्याच्या पेटीत टाकलेलं मी पाहिलं आहे. शेजाऱ्यांच्या हिशेबात गर्दी म्हणजे ते स्वतः आणि त्यांचे मेव्हणे सोडून बाकीचे सगळे.

सप्टेंबरात एल्कचे नर माजावर येतात आणि पहाटे डोंगरात आरोळ्या देतात. सुरुवातीला घसा साफ केल्यासारखी घरघर, मग वर चढत जाणारी लांब शीळ. ही आरोळी नळीतून काढायला शिकारी वर्षभर शिकतात. गाडी चालवताना, गवत कापताना, बायको माहेरी गेलेली असताना. समोरच्या नराला वाटावं की आपल्या हद्दीत कोणी प्रतिस्पर्धी शिरला, आणि तो तावातावाने समोर यावा, अशी कल्पना. शेजाऱ्यांनी एकदा पहाटे आरोळी दिली, तर पलीकडच्या उतारावरून झकास उत्तर आलं. हे दहा पावलं सरकले, तोही सरकला. हे झाडामागे दबा धरून बसले, तोही गप्प. यांनी फांदी मोडून शिंगं घासल्याचा आवाज काढला. तिकडूनही फांदी मोडली. सकाळभर हा सवाल-जवाब रंगला. शेवटी धुकं विरलं आणि समोर टेक्सासहून आलेला एक दंतवैद्य उभा दिसला, त्याच्याही तोंडाला नळी. दोघांनी एकमेकांच्या आवाजाचं कौतुक केलं आणि दोन दिशांना निघून गेले. "आवाज खरंच छान होता त्याचा," असं शेजारी अजून मान्य करतात, पण टेक्सासला मात्र त्यांनी माफ केलेलं नाही.

बाहेरच्यांविषयीचा हा राग इथे चांगला मुरलेला आहे. डोंगराच्या पायथ्याशी गाड्या लावायच्या जागेत स्थानिक शिकारी आधी नंबर प्लेट वाचत फिरतात आणि मगच चहा-कॉफीचं बघतात. परराज्यातले लोक येऊन आमची जनावरं मारतात, ही भाषा मला नवी नाही. मीही परक्या मुलखात आलेलाच आहे, त्यामुळे अशा वेळी मी हवामानाचा विषय काढतो. २०२५ पासून कोलोरॅडोने परराज्यातल्या तिरंदाजांना एल्कचे परवाने दुकानात सहज मिळणं बहुतेक ठिकाणी बंद केलं आणि त्यांनाही सोडतीच्या रांगेत उभं केलं. शेजाऱ्यांना आनंद झाला. परराज्यातला माणूस एल्कच्या परवान्याला स्थानिकाच्या दहापटीहून जास्त पैसे मोजतो आणि खात्याचा गाडा बऱ्याच अंशी त्यावर चालतो, हा मुद्दा मी काढला नाही. फ्रीजरमधलं काहीतरी ते आम्हालाही देतात.

बदकांच्या शिकाऱ्यांची तऱ्हा याहून घाईची. अर्कान्सामध्ये बायू मेटो नावाचं सार्वजनिक पाणथळ रान आहे. हिवाळ्यात झाडांच्या बुंध्यांवर पाणी चढतं आणि बदकं उतरतात. होड्या ठरल्या वेळेच्या आधी आत सोडत नाहीत, म्हणून मध्यरात्रीपासून धक्क्यावर रांग लागते, आणि वेळ झाली रे झाली की काळोखात, झाडांमधून, मोटारी लावलेल्या होड्यांची शर्यत सुटते. हे सगळं शांत तळ्याकाठी सूर्योदय बघत बसण्यासाठी. बदकं हा गोंगाट ऐकून काय समजायचं ते समजतात.

ॲरिझोनात पाणवठ्यांवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे झाडांना बांधायची पद्धत होती. कोरडा मुलूख, पाणी कमी, तेव्हा जनावर पाण्यावर येणारच. होता होता एकेका पाणवठ्याभोवती इतके कॅमेरे झाले आणि ते तपासायला इतकी माणसं येऊ लागली की पाणी प्यायला आलेल्या हरणाला संकोच वाटावा. २०२२ पासून तिथे शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी आहे.

तर गर्दीचं गणित. ते सुटायला मला नकाशा बघावा लागला. अमेरिकेत वन्य जनावर कोणा एकाच्या मालकीचं नसतं. ते सगळ्या जनतेचं, आणि जनतेच्या वतीने राज्य त्याचा सांभाळ करतं. ही कल्पना त्यांना फार अभिमानाची आहे, आणि असावीच. विलायतेत हरणं राजाची आणि सरदारांची, गरिबाने मारलं तर तुरुंग. आपल्याकडेही दाजीपूरचं रान कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव होतं. अमेरिकेने सांगितलं, आमच्याकडे राजा नाही, हरीण सर्वांचं. फक्त एक बारीक गोष्ट राहिली. ते हरीण ज्या गवतावर उभं आहे, ते गवत कोणाचं तरी आहे.

टेक्सासमध्ये पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी आहे. तिथे शिकार करायची तर रानाच्या मालकाला भाडं द्यायचं, मग ठरल्या वेळी मका सांडणाऱ्या यंत्रासमोर खोलीवजा मचाणात खुर्ची टाकून बसायचं. हरणांना यंत्राची वेळ पाठ असते. पूर्वी इतर राज्यांत मालकाच्या दारावर टकटक करून, टोपी काढून विचारलं की तो "जा, पण फाटक लावून घे" म्हणायचा. आता तीच रानं शिकारीच्या सहली काढणारे वर्षाच्या कराराने घेतात, किंवा दूरच्या शहरातला कोणी धनिक अख्खा डोंगर विकत घेऊन कुंपण घालतो. ज्या लाकूड कंपन्या आपल्या जंगलात कोणालाही फिरू देत, त्यांतल्या कित्येक आता पास विकतात. दारं अशी एकेक मिटत गेली आणि बाहेर पडलेले सगळे उरलेल्या सार्वजनिक रानात येऊन एकमेकांना आरोळ्या देऊ लागले.

आणि हे उरलेलं रान कुठे आहे, ते आता खिशातला फोन सांगतो. ऑनएक्स नावाचं एक ॲप आहे, मोंटानात २००९ साली सुरू झालेल्या कंपनीचं. त्यात प्रत्येक तुकड्याची हद्द आणि मालकाचं नाव दिसतं. आपला सातबाराच, फक्त तलाठ्याला न भेटता. कुठल्या ओढ्याच्या मागे सरकारी जमिनीचा विसरलेला कोपरा आहे, हे पूर्वी आजोबा नातवाला मरताना सांगायचे. आता वर्गणी भरलेल्या प्रत्येकाला ते एकाच वेळी कळतं. शेजाऱ्यांचा असा एक गुप्त ओढा होता. अजून आहे. तिथे गेल्या खेपेला गाडी लावायला जागा मिळाली नाही.

या नकाशाचा सगळ्यात बहारदार भाग वायोमिंगमध्ये आहे. १८६२ मध्ये लिंकनच्या सरकारने रेल्वे बांधणाऱ्या कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन दिली, पण सलग दिली नाही. एक-एक मैलाचे चौकोन पाडले, प्रत्येकी ६४० एकरांचे, आणि एक आड एक वाटले: एक कंपनीला, एक सरकारला, पुन्हा एक कंपनीला. बुद्धिबळाचा पट पसरावा तसा मुलूख झाला. काळे चौकोन पुढे विकले गेले, पांढरे सरकारकडेच राहिले. आता पांढऱ्या चौकोनातून शेजारच्या पांढऱ्या चौकोनात जायचं, तर वाट फक्त कोपऱ्यातून. आणि कोपरा म्हणजे भूमितीतला बिंदू. त्याला लांबी नाही, रुंदी नाही, तुम्हाला मात्र खांदे आहेत. पाय सरकारी जमिनीवरून सरकारी जमिनीवर पडला, तरी उजवा खांदा क्षणभर मालकाच्या हवेतून जातो. या अशा कोपऱ्यांमुळे पश्चिमेकडच्या राज्यांत ८३ लाख एकर सार्वजनिक जमीन अडकून पडली आहे, असा हिशेब ऑनएक्सनेच २०२२ मध्ये मांडला. पुणे आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे एकत्र केले तरी इतकी जमीन भरत नाही.

वायोमिंगमध्ये एल्क माउंटन नावाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरातला मोठा रँच नॉर्थ कॅरोलायनाच्या एका औषधउद्योजकाच्या मालकीचा. मिसूरीहून आलेल्या शिकाऱ्यांनी तिथला एक कोपरा शोधला. मालकाच्या माणसांनी नेमक्या त्या बिंदूपाशी दोन खांब रोवून साखळी लावली होती, प्रवेशबंदीच्या पाट्यांसह. पहिल्या वर्षी शिकारी खांबाला धरून, अंग वळवून पलीकडे गेले. मग त्यांना वाटलं असावं की खांबाला हात लागतो तेही बरं नाही. २०२१ मध्ये ते पुन्हा आले, चौघं, आणि येताना त्यांनी स्टीलची शिडी आणली. शिडीचे पाय अलीकडच्या सरकारी चौकोनात आणि पलीकडच्या सरकारी चौकोनात. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. बंदुका, तंबू, डबे सगळं याच मार्गाने. सपाट माळावर, आजूबाजूला ना भिंत ना विहीर, अशी शिडी लावून हवेवरून चढून उतरणारी चार माणसं पाहून तिथल्या एल्कना काय वाटलं असेल!

मालकाने फौजदारी करवली. २०२२ मध्ये ज्युरीने चौघांना निर्दोष सोडलं. मालकाने दिवाणी दावाही लावला. माझ्या हवेतून गेल्यामुळे रँचची किंमत लाखो डॉलरनी उतरली, असं त्याचं म्हणणं. खटला वर चढत गेला आणि मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, तो १८८५ च्या एका कायद्याच्या आधारे, जो गुरं पाळणाऱ्या बड्या धेंडांनी सरकारी जमिनीला वेढा घालू नये म्हणून केलेला होता. कोपऱ्यावरून जाता येईल, मालकाच्या जमिनीला पाय लागला नाही म्हणजे झालं. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायचं नाकारलं. मात्र निकाल लागू आहे तो या सर्किटमधल्या सहाच राज्यांना. मोंटाना त्यात नाही; तिथे कोपऱ्याचं कोडं तसंच आहे.

हा खटला मी फार जिव्हाळ्याने वाचला. वाचतोय ते इंग्रजी आहे असं वाटेचना. हातभर बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला वायोमिंग परकं नाही. उलट एका बाबतीत आपण पुढे आहोत. दुसऱ्याच्या बांधावरून शेतात जायचा हक्क हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तहसीलदार तो आपल्या सवडीने निकालात काढतात, हा भाग वेगळा. पण आपल्या बांधाला निदान रुंदी असते आणि भांडायला दोन्ही बाजूंना उभं राहायला जागा असते. बिंदूवरून भांडण्याची मजल आपण अजून गाठलेली नाही.

जागा सापडली तरी परवाना हवा. चांगल्या रानांचे परवाने सोडतीने मिळतात. नाव निघालं नाही तर कोलोरॅडोत सांत्वन म्हणून एक पॉइंट मिळतो. पॉइंट साठत जातात आणि जास्त पॉइंटवाल्याचा नंबर आधी. काही नामांकित रानांसाठी वीसहून जास्त पॉइंट लागतात, म्हणजे वीसहून जास्त वर्षं हरलेलं असावं लागतं. रांगेतली माणसं वाढतात तसा आकडाही दर वर्षी पुढे सरकतो. तुमच्याकडे पंधरा जमले की लागतात बावीस, तुमचे बावीस झाले की लागतात सव्वीस. माझ्या शेजाऱ्यांनी पॉइंट जमवायला सुरुवात केली तेव्हा त्यांचे गुडघे शाबूत होते. ते पॉइंट मुलाच्या नावावर करता येत नाहीत, याचं त्यांना घराच्या वाटणीपेक्षा जास्त दुःख आहे.

आपण हसण्यात अर्थ नाही. आपण बंदूक खाली ठेवली आणि कॅमेरा उचलला, एवढाच फरक. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले, तर दोन्हीकडून सफारीच्या गाड्यांनी त्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. जंगलाची शांतता अनुभवायला गेलेल्या त्या गाड्यांतल्या प्रत्येकाने घरी परतल्यावर सांगितलं असणार, गर्दी फार वाढली हो.

मग मजा राहिली की नाही? शेजाऱ्यांवर माझी बारीक नजर असते, म्हणून माझं मत सांगतो. शिकार त्यांच्या वर्षातले पाच-सात दिवस खाते. उरलेलं वर्ष ते नकाशे बघतात, नळीत फुंकतात, कोपऱ्यांचे निकाल वाचतात, टेक्सासला नावं ठेवतात आणि पॉइंट मोजतात. एल्क मिळो न मिळो, यातलं काही चुकत नाही, आणि हे करताना त्यांच्या चेहऱ्यावर जो उत्साह असतो तो मला त्यांच्या फ्रीजर भरलेल्या वर्षीही दिसलेला नाही. एकांत हवा असेल तर जानेवारीत, हंगाम संपल्यावर, बंदूक घरी ठेवून डोंगरात जा, तिथे चिटपाखरू नसतं, असं मी त्यांना एकदा सुचवलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले की पुढचे दोन महिने मांस आलं नाही.

मोह झालाच असेल, तर कामाची माहिती देऊन ठेवतो. कोलोरॅडोच्या पहिल्या सोडतीचे अर्ज मार्चमध्ये सुरू होतात आणि एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. अर्जाची फी परत मिळत नाही.